ताई परदेशी का निघाली?

माझी आत्येबहीण परिचारिका आहे. सध्या ती परदेशी जाण्यासाठी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करीत आहे. "देशाचे काय, ताई?" असे मी ऐटीत विचारले. ती म्हणाली, "अकरा महिन्यांच्या करारावर तू राहशील का?" मी गप्प बसलो.

पगार हे कारण खरेच. पण बाहेरची ओढही असते. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आपल्याकडचे डॉक्टर घेतच होती. १९६५ साली कायदा बदलून अमेरिकेनेही दार उघडले. शिकवण्याचा खर्च आपला अन् सेवा त्यांची!

खेडे मात्र त्याही आधी सुटते, शहरापाशी. आमचा हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते २०२४ मध्ये. तोवर शिकायला नांदेड नाहीतर अंबाजोगाई गाठायचे. एकदा शहरात रुळलेला माणूस सेनगाव-कळमनुरीला कशाला परतेल?

मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर मात्र महाडसारख्या गावी राहिले. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरते, हे त्यांनी कोकणातल्याच रुग्णांवरून दाखवले. हे मी ताईला सांगितले. "ते डॉक्टर होते रे," एवढेच म्हणून तिने पुस्तक उघडले.