जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब

हंड्यातले पाणी नितळ दिसले की आपण निर्धास्त होतो. पण पाण्यातून विष घरात आले आणि ते कोणी मोजलेच नसेल, तर पुढे त्याचा जाब कसा मागायचा? अमेरिकेत हा प्रश्न हजारो कुटुंबांपुढे उभा राहिला.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅम्प लेजून ही सैनिकी छावणी आहे. तेथील टरावा टेरेस वसाहतीला विहिरींचे पाणी मिळे. कुंपणाबाहेर १९५३ पासून कपडे ड्रायक्लीन करण्याचे दुकान होते. तेथले पीसीई नावाचे रसायन जमिनीत मुरत गेले. सैनिक जेरी एन्समिंगर यांचे कुटुंब याच वसाहतीत राहिले होते. त्यांची मुलगी जेनी १९८५ साली, नऊ वर्षांची असताना, रक्ताच्या कर्करोगाने गेली. विहिरीत विष केव्हा पोहोचले? १९८० पूर्वीची मोजणीच नव्हती.

मग शास्त्रज्ञांनी गणिताचा आधार घेतला. जमिनीखालचे पाणी वाळूच्या कणांमधल्या फटींतून मुंगीच्या पावलांनी सरकते. उतार जास्त, वाळू भरड, तर वेग जास्त, हा नियम फ्रान्सच्या हेन्री डार्सी यांनी १८५६ साली मांडला. पाण्याबरोबर विष सरकते. काही मातीला चिकटून मागे राहते, काही आजूबाजूला पसरते. विहिरीवर पंप चालला की सभोवतालचे पाणी तिकडे ओढले जाते.

शास्त्रज्ञांनी संगणकावर त्या जमिनीचे चौकोनी खण पाडले. प्रत्येक खणात पाणी किती आले, किती गेले, विष किती आले, याचा महिनेवार जमाखर्च मांडला व १९८० नंतरच्या मोजणीशी ताडून पाहिला. २००७ साली उत्तर मिळाले. नोव्हेंबर १९५७ ते फेब्रुवारी १९८७ या काळात, थोडे महिने सोडले तर, पाण्यातील पीसीई लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम या मर्यादेहून जास्त होते. एन्समिंगर व इतर कुटुंबे लढत राहिली. २०१२ साली उपचारांच्या मदतीचा कायदा झाला. त्यात सुरुवातीचे वर्ष १९५७ हेच धरले होते.

आपल्या महाराष्ट्राची बहुतेक जमीन काळ्या पाषाणाची आहे. येथे पाणी खडकाच्या भेगांतून वाहते. त्याची वाट ओळखणे आणखी कठीण. म्हणून वस्तीतील विहिरीची, बोअरची तपासणी आपण दरवर्षी मागून घेऊ या आणि तो कागद जपून ठेवू या. गणितालाही आधार नोंदीचाच लागतो.