इंग्रजीचे काळ, प्रयोग आणि आपली मराठी



वर्गात काळांचा तक्ता घडाघडा म्हणून दाखविणारा विद्यार्थी नोकरीच्या अर्जात चार वाक्ये लिहिताना अडखळतो आणि 'इंग्रजी आपल्या नशिबीच नाही' अशी स्वतःची समजूत करून घेतो. वास्तविक आपल्या कित्येक चुका अज्ञानाच्या नसतात. त्या शुद्ध मराठीच्या असतात!

'काल मी गडहिंग्लजला गेलो होतो' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. पण म्हणून 'आय हॅड गॉन टु गडहिंग्लज यस्टर्डे' असे लिहिणे चूक. कालच्या एकट्या घटनेस 'आय वेन्ट' एवढे पुरते. भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची दाखवायची असेल तेव्हा 'हॅड' हवा. 'एस. टी. आली तेव्हा पाऊस थांबला होता' याचे 'द रेन हॅड स्टॉप्ड व्हेन द बस केम' असे होईल. तसेच 'आम्ही दहा वर्षे आजऱ्यात राहतो' या वाक्यातील वर्तमानकाळ इंग्रजीत चालत नाही. तेथे 'वुई हॅव लिव्ह्ड इन आजरा फॉर टेन इयर्स' असेच म्हणावे लागते.

प्रयोगाचा घोटाळा याहून मोठा. 'रामाने चिंच खाल्ली' यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, म्हणून मराठी व्याकरण त्यास कर्मणी प्रयोग म्हणते. परंतु त्याचे साधे इंग्रजी 'राम एट द टॅमरिंड' असेच, म्हणजे कर्तरी होते. मराठीतील प्रयोग क्रियापद कोणाप्रमाणे चालते ते सांगतो. इंग्रजीतील 'पॅसिव्ह व्हॉइस' वाक्यात पुढे कोणास बसवायचे ते ठरवितो. नावे सारखी वाटली तरी कामे निराळी.

मग पॅसिव्ह वापरावा कोठे? करणारा अज्ञात किंवा गौण असेल तेथे. 'आजऱ्यात घनसाळ पिकवितात' असे आपण म्हणतो. कोण पिकवितात हे सांगत नाही. इंग्रजीत याचे स्वाभाविक रूप 'घनसाळ राइस इज ग्रोन इन आजरा' असे होते. या तांदळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. येथेही देणाऱ्यापेक्षा तांदूळ महत्त्वाचा, म्हणून 'वॉज गिव्हन'. कृती एवढीच: काळाप्रमाणे 'बी'चे रूप आणि पुढे क्रियापदाचे तिसरे रूप.

सरावासाठी 'रामाने रावणास मारले' हे एकच वाक्य शंभर वेळा उलटेसुलटे करण्याची गरज नाही. रोज रात्री आपल्याच दिवसाची पाच वाक्ये मराठीत लिहा. प्रत्येकास तीन प्रश्न विचारा: हे केव्हा घडले? त्याचा संबंध आजपर्यंत पोहोचतो काय? आणि मला माणूस सांगायचा आहे की काम? उत्तरे मिळाली की मगच इंग्रजी वाक्य लिहा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या अशाच दोन भाषा शेजारी ठेवून.

आपली मराठी ही इंग्रजीच्या वाटेतील धोंड नव्हे. ती नीट पारखली, तर तीच पायरी होते.