वेग टॉवरचा, पोहोच उपग्रहाची

अनेक फोनच्या वरच्या कोपऱ्यात ‘४जी’च्या शेजारी कधी कधी अधिकचे छोटे चिन्ह उमटते. आपले त्याकडे फारसे लक्ष जात नाही. फोन त्या वेळी एका वाटेऐवजी दोन किंवा अधिक वाटांनी माहिती घेऊ शकतो, असा त्याचा अर्थ. या तंत्राला ‘कॅरिअर ॲग्रिगेशन’ म्हणतात. दुसरीकडे, साधा फोन थेट उपग्रहाशी बोलू लागल्याच्या बातम्या गेली काही वर्षे येत आहेत. दोन्ही तंत्रे मोबाइलसाठीच आहेत, पण त्यांचे काम वेगळे आहे. पहिले वेग वाढवते, दुसरे पोहोच वाढवते.

बिनतारी संदेशाला लहरींचा पट्टा लागतो. पट्टा जितका रुंद, तितकी जास्त माहिती त्यातून जाते. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये हे नाते सूत्रात बसवले. मात्र कोणत्याही कंपनीला सलग रुंद पट्टा सहसा मिळत नाही. लिलावात थोडा ८५० मेगाहर्ट्झमध्ये, थोडा १८०० मध्ये, थोडा २३०० मध्ये असे तुकडे हाती येतात. एकाच शेतकऱ्याची जमीन गावात चार ठिकाणी विखुरलेली असावी, तसेच हे. कॅरिअर ॲग्रिगेशनमध्ये तुकडे आपापल्या जागीच राहतात. फक्त सगळ्यांचे पीक एका खळ्यावर आणले जाते. टॉवर माहिती वाटून वेगवेगळ्या पट्ट्यांतून पाठवतो आणि फोन ती पुन्हा जोडतो.

दक्षिण कोरियातील एसके टेलिकॉम कंपनीने जून २०१३ मध्ये ही सेवा ग्राहकांना दिली. ८०० आणि १८०० मेगाहर्ट्झमधले प्रत्येकी १० मेगाहर्ट्झचे दोन पट्टे जोडल्यावर कमाल वेग ७५ वरून १५० मेगाबिट प्रतिसेकंद झाला. पुढे ‘४जी’च्या नियमांनुसार २० मेगाहर्ट्झपर्यंतचे असे पाच पट्टे जोडण्याची सोय झाली.

या जोडणीचा आणखी एक फायदा आहे. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात. जास्त फ्रिक्वेन्सीवर रुंद पट्टे मिळतात, पण त्या लहरी लवकर क्षीण होतात. त्यात टॉवर कित्येक वॅट शक्तीने बोलतो, तर फोनची नेहमीची कमाल शक्ती सुमारे ०.२ वॅट. अर्ध्या वॅटच्या एलईडी दिव्याच्याही ती निम्म्याहून कमी. त्यामुळे टॉवरपासून लांब गेल्यावर फोनला टॉवरचे ऐकू येते, पण टॉवरला फोनचे ऐकू येत नाही. अशा वेळी फोनने ७०० मेगाहर्ट्झवर बोलायचे आणि ३३०० मेगाहर्ट्झवर ऐकायचे, अशी विभागणी ‘५जी’मध्ये करता येते. रुंद पट्ट्याचा लाभ मग आणखी थोड्या अंतरापर्यंत मिळतो.

पण यासाठी आधी टॉवर हवा. टॉवरला वीज लागते, केबल किंवा मायक्रोवेव्हची जोडणी लागते आणि खर्च निघेल इतके ग्राहक लागतात. सह्याद्रीतल्या आडबाजूच्या दरीत हे गणित जमत नाही. खोल समुद्रात तर टॉवर उभाच राहत नाही. जिथे एकही पट्टा पोहोचत नाही, तिथे जोडणार काय? तिथे वर आकाशातच पाहावे लागते.

उपग्रहावरून बोलणे नवे नाही. मात्र भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात. प्रश्न वर जाऊन खाली यायचा आणि उत्तरानेही तोच प्रवास करायचा, यातच जवळपास अर्धा सेकंद जातो. इरिडियम कंपनीने १९९८ मध्ये सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरच्या ६६ उपग्रहांची सेवा सुरू केली. तिला जाड अँटेनाचा महागडा खास फोन लागे. पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत आणि १९९९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

आता खिशातल्या साध्या फोनचा ०.२ वॅटचा आवाज शेकडो किलोमीटरवर ऐकायचा आहे. त्यासाठी उपग्रहाला मोठा कान हवा. एएसटी स्पेसमोबाइल या अमेरिकी कंपनीच्या ‘ब्लूवॉकर ३’ उपग्रहाची अँटेना ६४ चौरस मीटरची होती. त्याच्यामार्फत साध्या फोनवरून टेक्सासहून जपानला आवाजी कॉल लागल्याचे कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केले. याच कंपनीचा सुमारे सहा टनांचा पुढचा उपग्रह डिसेंबर २०२५ मध्ये इस्रोच्या ‘एलव्हीएम-३’ने श्रीहरिकोटाहून सोडला. त्याची अँटेना २२३ चौरस मीटरची आहे.

कान मोठा असूनही एक अडचण उरते. हा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावतो. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिटी चढी आणि दूर जाणारीची उतरती ऐकू येते, तसेच इथे लहरींचे होते. २००० मेगाहर्ट्झवर हा फरक ४० किलोहर्ट्झच्याही वर जाऊ शकतो, तर ‘४जी’च्या उपलहरींमधले अंतर अवघे १५ किलोहर्ट्झ असते. म्हणून हा फरक आधीच हिशेबात धरून दुरुस्त करावा लागतो.

शिवाय उपग्रहाचा एक झोत जमिनीवर कित्येक किलोमीटर रुंद पडतो आणि त्याची क्षमता त्याखालच्या सर्वांत वाटली जाते. वर मोकळे आकाश हवे. इमारतीच्या आत किंवा दाट झाडीखाली संपर्क तुटू शकतो. गर्दीच्या शहरात हजारो लोकांना एकाच वेळी व्हिडिओ पुरवणे हे टॉवरचेच काम राहील.

पण संकटात व्हिडिओ लागत नाही, दोन ओळी पुरतात. मच्छिमार नौकांवर उपग्रहाधारित ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधून झाली. किनारपट्टीच्या १३ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख नौका हे तिचे उद्दिष्ट. तंत्र इस्रोचे आहे. बोटीवरून मदतीची हाक जाते आणि किनाऱ्यावरून वादळाचा इशारा येतो, तोही मोबाइलची रेंज संपल्यानंतर. या संदेशांचा वेग घरच्या इंटरनेटच्या पासंगालाही पुरणार नाही, पण माघारी फिरायचा निर्णय वेळेत घ्यायला तेवढे शब्द पुरेसे असतात.

खासगी सॅटेलाइट फोनच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतात परवानगीशिवाय तो बाळगणे बेकायदा आहे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना किंवा ट्रेकर मित्रांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

जाहिराती बहुतेक वेळा वेगाचे आकडे सांगतात. शहरातल्या ग्राहकाने ते जरूर पाहावेत. पण दुर्गम पाड्यावरून रुग्णवाहिका बोलवायची असेल किंवा समुद्रात इंजिन बंद पडले असेल, तर पहिला प्रश्न वेगाचा नसतो, संदेश कुठून कुठपर्यंत पोहोचतो हाच असतो. दूरसंचाराची प्रगती मोजताना ही दोन्ही मापे शेजारी शेजारी ठेवायला हवीत.