चवीचा हिशेब, लेखांक 7 : धूर हवा, की वय?

राजूर कॉलरीत वाढलेल्या माणसाला धुराची ओळख करून द्यावी लागत नाही. चुनाभट्ट्यांवरचा दगडी कोळशाचा धूर, पहाटे अंगणात पेटवलेल्या सिगडीचा धूर, रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांना उन्हात सुटणारा डांबराचा वास, हे सगळं नाकात आधीच मुरलेलं असतं. म्हणून धुरकट सिंगल माल्ट स्कॉचबद्दल लिहायला मला वणी तालुक्यातला वाचक मुंबईच्या वाचकापेक्षा जवळचा वाटतो. गेल्या आठवड्यात आपण लाकडी पिंपांचा हिशेब पाहिला. आज धुराचा.

हा धूर येतो पीटमधून. दलदलीत शेवाळ, गवत, झुडपं मरून पडतात, पाण्याखाली हवा मिळत नाही, त्यामुळे ती पुरती कुजत नाहीत आणि काळ्या चिखलासारखी साठत जातात. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. हा चिखल विटांसारखा कापून वाळवला की जळण तयार होतं. कोळसा होण्याची ही पहिली पायरी. राजूरखालचा गोंडवाना काळातला कोळसा 25 कोटींहून अधिक वर्षांचा, तर स्कॉटलंडचं पीट काही हजार वर्षांचं. घराणं मात्र एकच.

रेल्वेने स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर कोळसा आणि कोक स्वस्तात पोचवला, तेव्हा तिथल्या बहुतेक भट्ट्यांनी जव वाळवायला पीट वापरणं कमी केलं आणि तिथल्या व्हिस्कीतला धूरही ओसरला. पश्चिमेच्या आयला बेटावर कोळसा नव्हता, पीट मात्र पायाखालीच होतं. लॅफ्रॉयग, लॅगाव्हुलिन, आर्डबेग या तिन्ही डिस्टिलरी त्याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर शेजारीशेजारी आहेत.

जव भिजवतात, मोड आणतात आणि ओलसर असतानाच पीटच्या धुरावर वाळवतात. ओल महत्त्वाची, कारण धूर ओल्या सालीवरच धरतो. भरताचं वांगं चुलीवर भाजताना धूर जसा सालीतून आत उतरतो, तसंच. या धुरात फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल अशी संयुगं असतात. फिनॉल प्रथम वेगळं काढलं गेलं ते 1834 मध्ये, कोळशाच्या डांबरातून. 1867 च्या सुमाराला ग्लासगोत जोसेफ लिस्टरने जखमा धुवायला वापरलेलं कार्बोलिक अॅसिड म्हणजे हेच फिनॉल. लॅफ्रॉयग पहिल्यांदा हुंगणारा माणूस ‘दवाखान्याचा वास येतो’ म्हणतो, तेव्हा तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर असतो. जुना लाल कार्बोलिक साबण आठवा.

आता पैशाकडे येऊ. दुकानदार आणि जाहिराती धुराचं माप ‘पीपीएम’मध्ये सांगतात, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉल किती. लॅगाव्हुलिन सुमारे 35, लॅफ्रॉयग 40 च्या पुढे, आर्डबेग 55 च्या आसपास. ऑक्टोमोर नावाच्या मालिकेतली एक बाटली तर 309 वर गेली होती. मोठा आकडा सांगून मोठी किंमत मागता येते. पण हा आकडा बाटलीतल्या व्हिस्कीचा नसतो, वाळवलेल्या जवाचा असतो. दळणं, आंबवणं, ऊर्ध्वपातन या वाटेवर त्यातलं बरंचसं फिनॉल गळून जातं. किती गळावं, हे ठरतं भट्टीवर.

इथे आपल्याकडच्या मोहाच्या दारूची भाषा कामी येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचणाऱ्या भागात ‘पहिल्या धारेची’ म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. व्हिस्कीच्या दुसऱ्या पातनात पहिली धार बाजूला काढतात, मधली ठेवतात, शेवटची परत पुढच्या घाण्यात घालतात. धुराची जड संयुगं उशिरा येतात, मधल्या धारेच्या शेवटाकडे. पातन करणारा लवकर थांबला तर व्हिस्की फळांच्या वासाची आणि हलकी होते. तो रेंगाळला तर डांबर आणि राख उतरते. म्हणजे धूर जवात भरला जातो खरा, पण बाटलीत किती जाईल ते धार तोडणारा हात ठरवतो.

याचा स्वच्छ पुरावा हवा असेल तर काओल इला 12 आणि लॅगाव्हुलिन 16 शेजारी ठेवा. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्हींचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, पोर्ट एलनच्या एकाच माल्टघरातला, पीपीएमही जवळपास तोच. तरी काओल इला लिंबाच्या सालीसारखी, खारट, धूर वरवर तरंगणारा. लॅगाव्हुलिन जाड, गोडसर, सुक्या मेव्याची, धूर तळाशी बसलेला. भांड्यांचा आकार, ती किती भरतात, वाफेचा तांब्याशी किती वेळ संबंध येतो, कोणतं पिंप, किती वर्षं, एवढ्याने हा फरक पडतो.

आणि वर्षांबद्दल एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. पिंपात धूर वाढत नाही, ओसरतो. वर्षं जातात तसा लाकडाचा गोडवा चढतो आणि फिनॉलचा उग्रपणा मऊ होतो. लॅगाव्हुलिनच्या 16 वर्षांचे जास्तीचे पैसे तुम्ही धुरासाठी देत नाही, धूर निवण्यासाठी देता. ते मऊपण हवं असेल तर पैसे सार्थकी लागले. पण धूर हाच शोध असेल तर वय विकत घेऊ नका. दहा-बारा वर्षांची बाटली घ्या, त्यातही 46 टक्क्यांची. हिशेब सोपा आहे : 750 मिलीच्या 40 टक्के बाटलीत शुद्ध मद्यार्क 300 मिली, 46 टक्क्यांत 345 मिली. शिवाय कमी टक्क्यांच्या बहुतेक बाटल्या थंड करून गाळतात, म्हणजे त्या गढूळ दिसत नाहीत, पण त्यात थोडा तेलकट भरीवपणा जातो. आर्डबेग 10 ही 46 टक्के आहे आणि तशी गाळलेली नाही. माझ्या मते धुराच्या दर रुपयामागे आयलाची सर्वात प्रामाणिक बाटली हीच. टॅलिस्कर 10 ही 45.8 टक्क्यांची, धूर कमी, मिरी जास्त. ज्यांना राख झेपत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी. आणि धूर आपल्याला आवडतो का एवढंच तपासायचं असेल तर सिंगल माल्टवर खर्चच करू नका, जॉनी वॉकर डबल ब्लॅक पुरते.

किमतीचा मोठा वाटा मात्र आयलाला जातच नाही. आयात स्कॉचवर वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क होतं. म्हणजे बंदरात 1000 रुपयांना पडलेली बाटली शुल्कानंतर 2500 ची होते आणि त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, वितरकाचा आणि दुकानदाराचा नफा चढतो. नोव्हेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राने आयात मद्यावरचं उत्पादन शुल्क 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर आणलं, तेव्हा बाटल्या एकदम स्वस्त झाल्याचं अनेकांना आठवत असेल. 24 जुलै 2025 ला सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात सीमाशुल्क 75 टक्के आणि पुढे दहा वर्षांत 40 टक्के करण्याचं ठरलं आहे. 75 टक्क्यांना तीच 1000 ची बाटली 1750 वर थांबते. पण निम्मं शुल्क म्हणजे निम्मी किंमत नव्हे. वरचा राज्याचा बोजा आणि नफा तसेच राहतात.

म्हणूनच मला गोव्याची बाटली फार महत्त्वाची वाटते. जॉन डिस्टिलरीजने 2012 मध्ये लंडनमध्ये आपल्या कुंकळ्ळीच्या भट्टीतली पॉल जॉन सिंगल माल्ट बाजारात आणली. त्यातली ‘बोल्ड’ ही धुरकट, 46 टक्क्यांची. जव भारतीय, सहा ओळींचा, पीट स्कॉटलंडहून आणलेलं. गोव्याच्या उष्म्यात पिंपातून वर्षाला सुमारे 8 टक्के मद्य उडून जातं, स्कॉटलंडमध्ये साधारण 2 टक्के. त्यामुळे गोव्यात 16 वर्षं थांबणं परवडतच नाही आणि थांबायची गरजही नसते. लाकूड पाच-सात वर्षांत आपलं काम करतं आणि धूर अजून ताजा असतो. बोल्डमध्ये आयलाचा समुद्र नाही, दवाखानाही नाही. मध आहे, भाजलेलं धान्य आहे, निखाऱ्यावरची राख आहे. बाटलीवर सीमाशुल्क नाही. तिच्या शेजारी आर्डबेग ठेवून पाहा. मी आर्डबेगला वरचा क्रम देतो, पण पैशाच्या मानाने बोल्डला.

चाखण्याबद्दल. वणीचा उन्हाळा 45 अंशांना टेकतो. त्या उष्म्यात ग्लासातून आधी मद्यार्कच उसळतो आणि नाक बधिर होतं. बाटली माठाजवळ ओल्या फडक्यात तासभर ठेवा, पण बर्फ घालू नका, थंडीने वास मिटतो. तोंड आत वळलेले चार ग्लास, प्रत्येकात 15 मिली, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. आधी फक्त वास. मग एक घोट, मग चमचाभर पाणी. पाण्याने चव मरते, हा समज चुकीचा आहे. स्वीडनच्या कार्लसन आणि फ्रिडमन या संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर प्रारूप तयार करून दाखवलं की मद्याचं प्रमाण उतरवलं की ग्वायकॉल पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे धूर नाकाजवळ येतो. ठेचा, शेव, खारे शेंगदाणे नंतर; आधी साधी पोळी. कमी धुरापासून जास्त धुराकडे जा, उलट गेलात तर पहिल्या ग्लासानंतर उरलेले तीनही गोड लागतील.

आपला प्रदेश दारूच्या बाबतीत जखमी आहे, हे विसरून मी लिहीत नाही. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, शेजारच्या चंद्रपुरात ती 2015 ते 2021 होती आणि यवतमाळच्या बायाही बंदीसाठी रस्त्यावर उतरल्या आहेत. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. राज्यात व्हिस्कीसाठी वयाची अट 25 वर्षं आणि परवाना लागतो, तो काढावा. आणि ज्याच्या घरात दारूने कुणाचा संसार मोडला आहे, त्याने हा लेखांक वाचून सोडून द्यावा.

बाकीच्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. चौघांनी मिळून बाटली घ्या. उघडलेली धुरकट बाटली अर्ध्याच्या खाली गेली की हवेने तिचा धूर हळूहळू मंदावतो. उरलेली लहान काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, बूच घट्ट लावून, अंधाऱ्या कपाटात उभी ठेवा. आडवी ठेवलीत तर तीव्र मद्याने बूच भुसभुशीत होतं.