इंग्रजी शब्द, हिंदी अर्थ आणि आपली मुले

आगाशी, बोळींज, अर्नाळा या पट्ट्यातली आपली पदवीधर मुले-मुली केंद्र सरकारच्या नोकरभरतीच्या परीक्षांना बसतात, ही समाधानाची बाब आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेत पहिल्या टप्प्याला १०० प्रश्न असतात. त्यातले २५ इंग्रजीचे. बरोबर उत्तराला दोन गुण आणि चुकले तर अर्धा गुण वजा. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, अनेक शब्दांबद्दल एक शब्द, असे अवघड शब्दांचे प्रश्न त्यात हमखास येतात. गणितात पुढे असलेले आपले मूल नेमके इथे अडते.

मुले मेहनत करत नाहीत असे कोणी म्हणू नये. विरार लोकलमध्ये दाराशी लोंबकळतानाही मोबाइलवर शब्द पाठ करणारी मुले मी रोज पाहतो. अडचण वेगळीच आहे. या परीक्षांची गाइडे आणि मोबाइलवरचे क्लास बहुतेक हिंदीतून चालतात. ते हिंदी भाषिक मुलांसाठी तयार झाले आहेत. आपल्या मुलाला हिंदी समजते, सिनेमा कळतो, म्हणून त्याला वाटते की अर्थही कळला. आणि तिथेच घात होतो.

उदाहरणे पाहा. 'एन्डेव्हर' या शब्दापुढे हिंदी गाइडात 'चेष्टा' छापलेले असते. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, पण मराठी मूल थट्टामस्करी समजून पुढे जाते. 'ऑब्जेक्शन' म्हणजे 'आपत्ति'. हिंदीत ती हरकत आहे, आपल्याकडे आपत्ती म्हणजे पूर, भूकंप. 'ट्रॅफिक'ला हिंदीत 'यातायात' म्हणतात, मराठीत यातायात म्हणजे हाल आणि दगदग. (विरार स्टेशनबाहेर संध्याकाळी दोन्ही अर्थ एकच होतात, ते सोडा.) 'पेडॅगॉजी'चा अर्थ 'शिक्षाशास्त्र' असा वाचून आपल्या मुलाला ते छडी मारण्याचे शास्त्र वाटले, तर दोष कोणाचा? सर्वात खटकतो तो 'अमेंडमेंट'. हिंदीत त्याला 'संशोधन' म्हणतात, मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च. ज्या समाजाला बाबासाहेबांनी संविधान दिले, त्या समाजातल्या मुलाला घटनादुरुस्ती हा शब्द ठाऊक असून 'अमेंडमेंट'चा अर्थ चुकावा, ही गोष्ट मनाला लागते.

हिंदीला नावे ठेवण्याचा यात हेतू नाही. फादर कामिल बुल्के या बेल्जियममधून आलेल्या धर्मगुरूंनी हिंदीवर इतके प्रेम केले की १९६८ साली त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश प्रसिद्ध झाला आणि आजही तो नावाजला जातो. हिंदी मातृभाषा असलेल्याने तोच वापरावा. तरीही आपल्या भागात उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या कष्टकऱ्यांच्या मुलांना विचारा. घरी भोजपुरी किंवा अवधी बोलणाऱ्या मुलाला गाइडातली जड संस्कृत वळणाची हिंदी तितकीच परकी असते. एक न कळलेला शब्द दुसऱ्या न कळलेल्या शब्दाने समजावला जातो. म्हणजे घोकंपट्टीची अडचण त्यांचीही आहे, फक्त जरा वेगळ्या कारणाने.

बाबासाहेबांची इंग्रजी जगाने वाखाणली. तिचा पाया कसा घातला गेला ते पाहण्यासारखे आहे. सुभेदार रामजी आंबेडकर हे लष्करी शाळेत शिकवलेले गृहस्थ. त्यांनी लहान भीमरावाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी, अशी ती पद्धत. मातृभाषेच्या उंबरठ्यावरून इंग्रजीत प्रवेश. १९०७ साली मॅट्रिक झालेला तो मुलगा १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचला.

आपल्या भागाचा इतिहासही हेच सांगतो. आगाशीपासून जवळच असलेल्या सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, भुईगावला सापडला. हे लेख लोकांच्या प्राकृत भाषेत आहेत. पण तिकडे कंदाहारला अशोकाने ग्रीक आणि अरामी भाषांत लेख कोरवले आणि 'धम्म'साठी तिथल्या ग्रीकांना माहीत असलेला 'युसेबिया' हा शब्द वापरला. ज्याला समजवायचे त्याच्या भाषेतला शब्द शोधला पाहिजे, हे त्या राजाला बावीसशे वर्षांपूर्वी कळले होते.

तेव्हा शब्दांची वही कशी करावी? नमुना बाबासाहेबांचाच घ्यावा. त्यांनी पाली भाषेचा कोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात छापला. त्यात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, हिंदी आणि गुजराती असे चार भाषांत दिलेले आहेत. आपण इंग्रजी शब्दापुढे मराठी अर्थ, त्यापुढे गाइडातला हिंदी अर्थ आणि शेवटी स्वतः रचलेले एक वाक्य लिहावे. मराठी व हिंदी अर्थ भांडताना दिसले की त्या ओळीवर लाल शाई. परीक्षेला आदल्या दिवशी फक्त लाल ओळी चाळाव्यात.

शब्द कुटुंबाने शिकावेत. मराठीत 'हार' शब्दाला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते. इंग्रजीत तसेच 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. त्यातून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, डिपोर्ट निघतात. डिपोर्ट म्हणजे देशाबाहेर पाठवणे, हे मग पाठ करावे लागत नाही. संविधानाची उद्देशिका तर घरोघरी भिंतीवर आहे. तिच्या इंग्रजी प्रतीतल्या 'रिझॉल्व्ह'पासून रिझोल्यूशन, रिझोल्यूट, 'लिबर्टी'पासून लिबरेट, लिबरल, 'फ्रॅटर्निटी'पासून फ्रॅटर्नल. एवढी एक चौकट नीट खोदली तरी बरेच शब्द हाती लागतील.

काही शब्द मात्र दुतोंडी असतात, त्यांना जपून हाताळावे. आम्ही कारकून 'सँक्शन' म्हणजे मंजुरी समजतो, कारण रजा आणि बिले सँक्शन होतात. वर्तमानपत्रात एका देशाने दुसऱ्यावर सँक्शन लादले असे येते, तेव्हा ते निर्बंध असतात. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. अशा शब्दाचे एकच वाक्य लिहून भागत नाही, दोन लिहावीत. आणि ऑफिसात वर्षानुवर्षे 'काइंडली डू द नीडफुल' लिहिले म्हणून इंग्रजी आली, असा समज आम्हा नोकरदारांनी मुलांपुढे तरी पसरवू नये.

रोज पाच शब्द पुरेत. पन्नास पाठ केले तर आठवडाभरात बरेच निसटतात. माणूस किती झपाट्याने विसरतो याचे मोजमाप जर्मनीच्या एबिंगहाऊस यांनी १८८५ सालीच मांडले आहे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापाव्यात. एका अंगाला इंग्रजी, दुसऱ्या अंगाला मराठी. चपलांच्या रिकाम्या खोक्यात तीन कप्पे करावेत. आला तो शब्द पुढच्या कप्प्यात, चुकला तो पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा रविवारी विहारातून परत आल्यावर.

यात आयांनी अंग चोरू नये. इंग्रजी येत नाही म्हणून आई गप्प बसते, पण चिठ्ठीची मराठी बाजू तिच्याकडे असते. तिने ती वाचावी, मुलाने इंग्रजी शब्द आणि स्पेलिंग सांगावे. वाचता येत नसेल तर मुलाने शब्दाचा अर्थ साध्या मराठीत तिला समजावून सांगावा. तिला कळला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात टाकावी. नाही कळला तर मुलाने शब्दकोश पुन्हा उघडावा.