ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी त्याची साक्ष घ्या

मलकापूरहून मोताळ्यामार्गे निघालेली गाडी राजूर घाट चढून बुलढाण्याच्या पठारावर पोचते, तेव्हा ती सुमारे चारशे मीटर वर आलेली असते आणि भोवतालची हवा जवळपास चार टक्के विरळ झालेली असते. कार्ब्युरेटरच्या जमान्यात याचा पत्ता इंजिनाला लागत नसे. हवा कमी झाली तरी पेट्रोल जवळजवळ त्याच हिशेबाने येत राही, म्हणून डोंगराळ भागात पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे जेट बदलावे लागत. आजच्या गाडीत आत शिरणाऱ्या हवेचा अंदाज एक सेन्सर घेतो, त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो आणि अंदाज बरोबर होता की चूक, हे सांगायला धुराच्या वाटेवर, सायलेन्सरच्या कितीतरी आधी, अंगठ्याएवढा ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. डॅशबोर्डवर पिवळा चेक लाइट लागला आणि स्कॅनरवर या सेन्सरशी संबंधित कोड आला, की बहुतेकांचा निष्कर्ष तयार असतो: सेन्सर गेला, नवा टाका. हा सेन्सर घरच्या अंगणातही बदलता येतो, त्यात शंका नाही. पण पाना चालवणं हा या कामाचा सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो दोषी ठरवण्याचा, आणि तिथेच पैसे फुकट जातात.

हा सेन्सर नेमकं काय पाहतो, ते आधी समजून घ्यायला हवं. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची टोपी असते, आत-बाहेर प्लॅटिनमचा पातळ थर. एका अंगाला बाहेरची स्वच्छ हवा, दुसऱ्या अंगाला इंजिनाचा धूर. तापमान तीनशे अंशांच्या वर गेलं की ऑक्सिजनचे आयन या सिरॅमिकमधून सरकू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, त्यानुसार व्होल्टेज तयार होतं. या नात्याचं सूत्र वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच मांडलं होतं. पुढे त्यानेच झिर्कोनियाची तापून उजळणारी कांडी वापरून दिवाही बनवला. १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं ते वेगळ्या कामासाठी. मोटारीत हे तत्त्व यायला मात्र १९७६ उजाडलं. बॉशने बनवलेला सेन्सर तेव्हा व्हॉल्व्होच्या गाड्यांत बसला. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त झालं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत मिश्रण ‘रिच’ झालं, की सेन्सर ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवतो. ‘लीन’ झालं की ०.१ ते ०.२. कॉम्प्युटर या दोन टोकांमध्ये सतत झोके घेत मिश्रण मध्यावर ठेवतो, कारण पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स तिन्ही एकदम निस्तरायची, तर मिश्रण त्या मध्याशीच लागतं.

आता यातली मेख. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, फक्त ऑक्सिजन मोजतो. स्पार्क प्लग चुकवू लागला, तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर पडतं, पण त्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. सेन्सर इमानदारीने सांगतो, ‘ऑक्सिजन जास्त आहे.’ कॉम्प्युटर समजतो, पेट्रोल कमी पडतंय, आणि आणखी ओततो. अ‍ॅव्हरेज ढासळतं, धुराला वास येतो आणि आळ येतो सेन्सरवर. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या जोडावर बारीक चीर असली तरी तेच होतं: धुराच्या दोन झोतांमध्ये क्षणभर दाब उतरतो, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि साक्ष पुन्हा ‘लीन’. पी०१७१ या कोडचा अर्थ ‘यंत्रणा लीन आहे’ एवढाच. फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा कमजोर पेट्रोल पंपही त्यामागे असू शकतो. पी०१३५ मात्र थेट सेन्सरमधल्या हीटरच्या सर्किटकडे बोट दाखवतो, पण तिथेही आधी फ्यूज पाहावा. पी०४२० हा कन्व्हर्टरचं काम मंदावल्याचा इशारा.

म्हणून बदलण्याआधी सेन्सरची उलटतपासणी घ्यावी, आणि ती घरी शक्य आहे. साध्या ओबीडी स्कॅनरवर चालत्या इंजिनाचे आकडे दिसतात. इंजिन गरम झाल्यावर कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली व्हायला हवा. कन्व्हर्टरच्या नंतर बसवलेला दुसरा सेन्सर मात्र बराच स्थिर राहायला हवा. एखादा व्हॅक्यूम पाइप क्षणभर काढला तर आधीच्या सेन्सरचा आकडा चटकन खाली यायला हवा. आला, तर सेन्सर जिवंत आहे आणि त्याला काढून काही साधणार नाही. ढिम्म राहिला, तर संशयाला आधार मिळतो. हीटरसाठी मल्टिमीटर पुरतो: हीटरच्या दोन सारख्या रंगाच्या तारांमध्ये काही ओहम रोध दिसावा, अनंत दिसला तर तार तुटलेली. काही नव्या गाड्यांत कन्व्हर्टरच्या आधी ‘वाइडबँड’ प्रकारचा सेन्सर असतो, त्याला व्होल्टेजचं हे गणित लागू नाही. तिथे गाडीची सर्व्हिस पुस्तिकाच उघडावी.

यावर हमखास येणारा सवाल: एवढा खटाटोप कशाला, सेन्सरचा प्लग काढून टाकला तरी गाडी चालतेच की! चालते, खरं आहे. साक्षीदार गप्प झाला की कॉम्प्युटर ठरावीक तक्त्यावरून पेट्रोल देतो आणि ते बहुधा थोडं जास्तच असतं. जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापतो, खराब होतो, आणि तो बदलण्याचा खर्च सेन्सरच्या कितीतरी पट असतो. शिवाय बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाड्यांच्या पीयूसीत नुसता कार्बन मोनॉक्साइड मोजायचा नसतो. वाढीव वेगावर फिरणाऱ्या इंजिनाचा लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले आदर्श गुणोत्तर, ०.९७ ते १.०३ मध्ये बसावा लागतो. दुसरा आक्षेप इथेनॉलचा, आणि तो निराधार नाही. इथेनॉलच्या वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग ऑक्सिजनच असल्याने ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला दर किलोमागे साडेतेराच्या आसपासच हवा पुरते. तेवढ्यासाठी कॉम्प्युटरला पेट्रोल वाढवावं लागतं, स्कॅनरवर ‘फ्यूएल ट्रिम’ काही टक्के वर सरकलेला दिसतो. ई-२० साठी न बनलेल्या जुन्या गाडीत ही तडजोड मर्यादेच्या कडेशी जाऊ शकते. पण ती तडजोड करवून घेणारा हा सेन्सरच असतो. त्याच्यावरच राग काढणं म्हणजे थर्मामीटर फोडून ताप उतरवणं.

तपासणीत तो खरोखर दोषी ठरला, तर बदलण्याचं काम तासाभराचं. बॅटरीची तार काढावी. इंजिन कोमट असताना चुडी सैल होते, तापलेलं असेल तर हात भाजतो. गंज सोडवणारं तेल आधी टाकून ठेवावं. पाना २२ मिलिमीटरचा, तार आत जाईल अशी खाच असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम. कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरसाठी खाली शिरायचं तर गाडी स्टँडवर टेकवावी, नुसत्या जॅकवर भरवसा नको. नवा सेन्सर आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून बसवावा, मग पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कपर्यंत कसावा. चुडीला बहुधा आधीच पेस्ट लावलेली असते. स्वतः लावायची तर टोकाला लागू देऊ नये. एक्झॉस्टच्या जवळ सिलिकॉन सीलंट वापरू नये, त्याची वाफ सिरॅमिकवर काचेसारखा थर धरते. शिसं हेही असंच विष. देशभर शिसेविरहित पेट्रोल झालं ते २००० मध्ये, आणि त्याशिवाय हे सेन्सर आपल्याकडे टिकलेच नसते. स्वस्तातला ‘युनिव्हर्सल’ सेन्सर घेऊन तारा डाख देऊन जोडायचा मोह आवरावा. तुलनेसाठी लागणारी स्वच्छ हवा अनेक सेन्सर तारांच्या आतल्या फटीतूनच घेतात. डाख आणि ग्रीस ती वाट बुजवतात.

मग कोड पुसून टाकावा आणि स्कॅनर लावलेला ठेवून गाडी राजूर घाटात न्यावी. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकणं तात्पुरतं सोडून मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, तेव्हाचे आकडे धरू नयेत. बुलढाण्यात पोचून सपाट रस्त्यावर एका चालीने जाताना लाँग टर्म फ्यूएल ट्रिम पाहावा. तो उणे-अधिक दहा टक्क्यांच्या आत आला तर जुना सेन्सर खुशाल फेकावा. वीसवरच अडला असेल, तर जुना जपून ठेवावा आणि व्हॅक्यूमचे पाइप तपासायला घ्यावेत.