लोकलिखित नोंदींचे संपादन

ज्ञानकोशकार केतकरांच्या काळी लेखाची शुद्धी मुद्रणापूर्वी होत असे. १ मे २००३ रोजी आरंभ झालेल्या मराठी विकिपीडियात ती बहुधा प्रकाशनानंतर होते. निम्न तेरणा धरणाजवळील माकणी गावाविषयीची एखादी नोंद उदाहरणादाखल घेऊ. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले आणि तोवर निर्दोष असलेला मजकूर सदोष ठरला. संपादकाने नवे नाव घालावे, परंतु जुनेही राखावे; अन्यथा जुन्या जनगणनेतील माकणीचा माग अभ्यासकास लागणार नाही. पूर्वीची प्रत इतिहासात राहत असल्याने चुकीचा फेरफार परतविता येतो. मात्र फेरफाराचे कारण दिले नाही, तर नवख्या लेखकास आपला मजकूर गेल्याचे तेवढे दिसते, दोष उमगत नाही. सबब कारणाची नोंद हे संपादनाचे अनिवार्य अंग मानले पाहिजे.